रविवारी मिस्सा होते, पण सोमवार ते शनिवार देवाचं भान कसं ठेवायचं?

विरार_लोकल_वाली

नमस्कार सगळ्यांना. मी वसईची, कॅथलिक, नोकरी चर्चगेटला, घरी नवरा, सासूबाई आणि दोन मुलं. रविवारची मिस्सा (चर्चमधली उपासना) चुकवत नाही, लेंट म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ पाळते, संध्याकाळी घरी रोझरी (मरियेची जपमाळ) होते, म्हणजे सासूबाई पुढे सांगतात आणि मी पोळ्या लाटता लाटता मागून म्हणते. पण सोमवारी सकाळी गाडीत चढले की देव जो मनातून जातो तो डायरेक्ट रात्री अंथरुणावर पडल्यावरच आठवतो. मधल्या वेळात कोणाशी कशी बोलले, कोणावर खेकसले, डब्याच्या वेळी कोणाच्या मागे काय काय बोललं गेलं आणि मी ऐकत बसले, त्यात तो कुठेच नसतो. संत पौल थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पत्रात म्हणतो निरंतर प्रार्थना करा (1 थेस्सलनीका 5:17). आता तो हे काय मठातल्या लोकांना लिहीत नव्हता, घरदार आणि पोटापाण्याचा उद्योग असलेल्या लोकांनाच लिहीत होता ना? मग ते कसं करत असतील? प्लीज अजून एक प्रार्थना वाढवा असं सांगू नका, तेवढा वेळ खरंच नाहीये. चालू कामात, गर्दीत जाणीव कशी ठेवायची ते सांगा.

वाडीतली_मावशी

बाय, तुझा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण हे विचारावंसं वाटणं हीच देवाची हाक आहे असं मी मानते. आमच्या लहानपणी देवळाची म्हणजे चर्चची घंटा दिवसातून तीनदा व्हायची, सकाळी, दुपारी बाराला आणि सांजेला. बाया विहिरीवर असोत की केळीच्या वाडीत, हातातलं काम तिथंच थांबायचं आणि आंजेलस ही छोटी प्रार्थना म्हटली जायची. तीन छोटी वचनं, प्रत्येकामागे एक नमो मरिया आणि शेवटी एक प्रार्थना, दोन मिनिटांच्या वर लागत नाही. चर्चगेटला तुला आपली घंटा ऐकू येणार नाही, पण मोबाईलमध्ये बाराचा अलार्म लावता येतो. ओठ हलवायची पण गरज नाही, खुर्चीत बसूनच मनात म्हण.

आणि नुसती पाठ म्हणू नको, त्यात काय आहे ते बघ. देवदूत मरियेला निरोप देतो, ती म्हणते मी प्रभूची दासी, आणि तिसरं वचन योहानाच्या पहिल्या अध्यायातलं, शब्द देही झाला आणि आमच्यात राहिला. आमच्यात म्हणजे कुठे, तर नाझरेथसारख्या साध्या गावात, सुताराच्या घरात, आणि तीस वर्षांचा होईपर्यंत त्याचं जगणं असं चारचौघांसारखंच गेलं. तो तुझ्या ऑफिसात पण राहतो की. मला तरी ऐन दुपारी हेच आठवायला सगळ्यात जास्त आधार वाटतो.

नगरचा_मेकॅनिक

सलाम ताई. मी प्रोटेस्टंट, वर्कशॉपला कामाला आहे, आमच्याकडे आंजेलस नसते पण मावशींचं म्हणणं पटलं. तुम्ही थेस्सलनीकाच्या लोकांबद्दल विचारलंत ना, तर त्याच पत्रात दुसऱ्या अध्यायात पौल म्हणतो की आम्ही रात्रंदिवस कामधंदा करून तुमच्यात सुवार्ता सांगितली, आणि चौथ्यात त्यांना सांगतो की आपल्या हातांनी काम करा. म्हणजे निरंतर प्रार्थना करा म्हणणाऱ्याचे स्वतःचे हातसुद्धा कामातच होते.

अजून एक बघा, जे काही करता ते माणसांसाठी म्हणून नको तर प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, हे वचन (कलस्सै 3:23) आपण कॅलेंडरवर छापतो पण त्याच्या आदलं वचन वाचलं तर कळतं की ते दासांना उद्देशून आहे. ज्यांचा दिवसातला एक तासही स्वतःच्या मालकीचा नव्हता त्यांना पौल सांगतोय की तुमचं काम प्रभूपर्यंत पोचतं. हे समजल्यापासून माझ्याकडे वेळ नाही ही अडचण मला फार मोठी वाटत नाही. केडगावला पंडिता रमाबाईंनी निराधार बायांसाठी काढलेल्या मुक्ती मिशनमध्ये पण हेच दिसतं, बाया प्रार्थनेला बसायच्या आणि त्याच बाया शेती, विणकाम, छापखाना सांभाळायच्या, रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेल्या मराठी बायबलची छपाई पण तिथल्याच हातांनी झाली. प्रार्थना वेगळी आणि काम वेगळं असं त्यांनी ठेवलंच नाही.

माझं स्वतःचं सांगायचं तर मी सकाळी एकच वचन घेऊन निघतो, लांब नाही, परमेश्वर माझा मेंढपाळ आहे एवढंच. स्पॅनर फिरवताना ते चालू असतं. आणि कोणी तावातावाने अंगावर आला की उत्तर द्यायच्या आधी नहेम्यासारखं करायचं. नहेम्या पर्शियाच्या राजाच्या चाकरीत होता, राजा त्याला विचारतो तुला काय पाहिजे, आणि उत्तर द्यायच्या आधी तो तिथल्या तिथे देवाची प्रार्थना करतो (नहेम्या 2:4). राजासमोर उभं राहून किती लांब प्रार्थना केली असेल? एका श्वासाचीच असणार. ताई, ऑफिसात हीच प्रार्थना सगळ्यात जास्त उपयोगी पडते, करून बघा.

पुण्याहून

वरचं सगळं छान आहे, फक्त दिवसा भान राहायला हवं असेल तर रात्री मागे वळून बघायची सवय लागते, त्याशिवाय दिवसा डोळे उघडत नाहीत असं मला ठामपणे वाटतं. जेझुइट हा धर्मसंघ स्थापणाऱ्या संत इग्नेशियस लोयोलांनी संघातल्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासाच्या काळात लांब ध्यानं मुद्दाम कमी ठेवली, पण दिवसातून दोनदा एग्झामेन, म्हणजे देवासमोर दिवस मागे वळून बघणं, मात्र ठेवलंच. आणि 1551 च्या एका पत्रात त्यांनी लिहून कळवलं होतं की या मुलांनी बोलताना, चालताना, बघताना, खाताना, ऐकताना, सगळ्यातच देवाचं सान्निध्य शोधावं. म्हणजे तुमचा प्रश्न पावणेपाचशे वर्षांपूर्वी पण होताच.

एग्झामेन म्हणजे पापांची यादी करणं असं बरेच जण समजतात आणि कंटाळून सोडून देतात. पण त्याची सुरुवातच मुळी आभाराने होते. आज काय मिळालं, कोणी जागा दिली, मुलाचा ताप उतरला, साधीच गोष्ट, पण नेमकी. मग पवित्र आत्म्याकडे प्रकाश मागायचा आणि सकाळपासूनचा दिवस सावकाश बघायचा, मन कुठे मोकळं झालं, कुठे आखडलं. जिथे चुकलं तिथे क्षमा, आणि शेवटी उद्याच्या एखाद्या ठराविक प्रसंगासाठी मदत मागायची. तुम्ही लिहिलंय की रात्री अंथरुणावर देव आठवतो, मग वेगळा वेळ काढायला नको, तीच वेळ वापरा. आणि डब्याच्या वेळचं ते ऐकत बसणं तुम्हाला टोचतंय म्हणजे दिवस बघायला तुम्ही सुरुवात केलेलीच आहे.

पहाटेची_वेळ

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. अलार्म, एका श्वासाची प्रार्थना हे सगळं बरोबर आहे पण येशू स्वतः पहाटे अंधार असतानाच उठून एकांतात जाऊन प्रार्थना करायचा (मार्क 1:35), आणि आदल्या संध्याकाळी दारात अख्खं गाव लोटलं होतं, त्याला काय कमी काम होतं? देवाबरोबर एकट्याने बसायची ठरलेली वेळ नसेल तर बाकीचं हळूहळू विरळ होतं हे मी मंडळीत बघितलंय. अर्धा तास लवकर उठा ताई.

वाडीतली_मावशी

भाऊ, तुमचं म्हणणं खोटं नाही, पण लहान मुलं असलेली, लोकलने एवढा लांबचा प्रवास करणारी बाई आधीच चारला-साडेचारला उठत असेल. एलिया संदेष्टा थकून झुडपाखाली पडला आणि मला मरण दे म्हणाला, तेव्हा देवदूताने आधी त्याला भाकर आणि पाणी दिलं, मग झोपू दिलं, मग परत उठवून खायला घातलं (1 राजे 19). देव त्याच्याशी बोलला तो होरेबचा डोंगर त्यानंतर. तिला झोपू द्या. एकांत तिला गाडीत मिळेल, खिडकी मिळाली तर.

विरार_लोकल_वाली

सगळ्यांचे खूप आभार, वाचताना डोळ्यात पाणी आलं. मावशी बरोबर ओळखलंत, सव्वाचारलाच उठते. नगरच्या दादांचं दासांचं वचन माहीत होतं पण आदलं कधी वाचलं नव्हतं. दोन गोष्टी अजून विचारते. एक, हे सगळं करताना मनाला काहीच जाणवलं नाही तर? आणि दुसरं, डब्याच्या टेबलावर चहाड्या सुरू झाल्या की काय करायचं, उठून गेले तर मी शिष्ट ठरते.

पुण्याहून

पहिल्याबद्दल, स्तोत्र 88 वाचा. अख्खं स्तोत्र अंधारात आहे, शेवटसुद्धा अंधारातच होतो, आणि तरी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत देवाशीच बोलणं आहे. तेही पवित्र शास्त्रात ठेवलंय. जाणवणं आपल्या हातात नाही, त्याच्याकडे तोंड करून राहणं आहे.

नगरचा_मेकॅनिक

टेबलावरून उठू नका ताई. जिच्याबद्दल बोलणं चाललंय तिचं नाव मनात प्रभूसमोर घ्या, आणि तिच्याबद्दल तुम्हाला माहीत असलेली एखादी खरी चांगली गोष्ट साधेपणाने बोला. सुनवायच्या सुरात नको. आमच्याकडे चहाच्या वेळी मी हेच करतो, कधी विषय बदलतो, कधी नाही बदलत. आणि संध्याकाळी ती समोर आली की तिच्याशी नीट बोलता येतं, डोळे चुकवावे लागत नाहीत.

वाडीतली_मावशी

आणि बाय, पोळ्या लाटता लाटता रोझरी म्हणतेस त्याचं वाईट वाटून घेऊ नको. सोमवारी रोझरीत आनंदाची रहस्यं, म्हणजे येशू-मरियेच्या आयुष्यातले मनन करायचे प्रसंग, असतात, त्यातलं दुसरं मरियेच्या एलिझाबेथकडे जाण्याचं. अवघडलेल्या बाईच्या घरी ती तीनेक महिने राहिली, तिथे चूल आणि पाणी कोणी बघितलं असेल? पुढच्या सोमवारी ते रहस्य लागलं की सासूबाईंनाच विचार, त्यांना काय वाटतं. तुम्ही दोघी त्यावर बोललात तर मला इथे नक्की कळव.