घरी पिंजरा करताना जाळी, रंग आणि दार यांत पक्ष्यांना धोका कशाचा?

प्रश्न : चिवचिवाट

नमस्कार. माझ्याकडे बजरीगर पक्ष्यांची एक जोडी आहे आणि पुढेमागे एखादे कॉकाटील (तुरा असलेला लहान पोपट) आणण्याचा विचार आहे. तयार मिळणारे बहुतेक पिंजरे उंच आणि अरुंद असतात. त्यांत पक्षी तारांवरून वरखाली चढतात, पण उडत मात्र नाहीत, म्हणून पिंजरा घरीच करायचे ठरवले आहे. आराखडा असा आहे : लांबी ९० सेंटीमीटर, खोली ४५ आणि उंची ६०, सांगाडा लाकडी पट्ट्यांचा, त्यावर कुंपणाच्या कामातून उरलेली, जस्ताचा मुलामा दिलेली, एक इंची चौकोनांची वेल्ड जाळी, लाकडाला घरात शिल्लक असलेला तैलरंग, आणि पुढच्या बाजूला खोबणीतून वर सरकणारे दार. सुतारकाम मला बऱ्यापैकी जमते, त्यामुळे पिंजरा मजबूत होईल याबद्दल शंका नाही. यात पक्ष्यांना धोका कशाकशाचा आहे, एवढेच विचारायचे आहे. जस्ताच्या जाळीमुळे विषबाधा होते असे वाचले, आणि तीच जाळी व्हिनेगरने धुतली की चालते असेही वाचले. यातले काय खरे मानावे?

उत्तर : तारजाळी

उंचीपेक्षा लांबी जास्त ठेवण्याचा तुमचा निर्णय योग्य आहे, कारण पक्षी आडवा उडतो आणि उंच पिंजऱ्याचा खालचा अर्धा भाग बहुधा रिकामाच राहतो. जाळी मात्र बदलावी लागेल, आणि तेही जस्ताचा प्रश्न येण्याच्या आधीच. एक इंच म्हणजे सुमारे २५ मिलिमीटर. एवढ्या चौकोनातून बजरीगरचे डोके सहज बाहेर जाते आणि मागे घेताना जबड्याशी किंवा पिसांशी अडकते. घाबरलेला पक्षी अशा वेळी मान मोडेपर्यंत ओढाताण करतो. बजरीगर, लव्हबर्ड आणि फिंच यांच्यासाठी फट १२ मिलिमीटरपेक्षा मोठी नसावी. कॉकाटीलला १९ मिलिमीटरपर्यंत चालते, परंतु दोन्ही पक्षी एकाच पिंजऱ्यात राहणार असतील तर लहान पक्ष्याचे माप धरावे. हे माप केवळ जाळीच्या चौकोनांना लागू होत नाही. दाराच्या कडेची फट, ट्रेच्या वरची फट आणि जाळी व सांगाडा यांच्यामध्ये राहिलेली फट या सगळ्यांना ते लागू होते. तयार पिंजऱ्यांतसुद्धा पक्षी अडकतो तो बहुतेक वेळा अशा कडेच्या फटीतच.

तारेची जाडी सुमारे १.६ मिलिमीटर, म्हणजे १६ गेज, असेल तर या पक्ष्यांना पुरेशी आहे. कोंबड्यांसाठी वापरतात ती षटकोनी, पीळ दिलेली जाळी कृपया घेऊ नका. तिची तार बारीक असते, दाबली की वाकते, आणि पिळाच्या सांध्यात नख अडकले की पक्षी उलटा लटकून राहतो.

आता जस्ताविषयी. बजरीगर तार तोडू शकत नाही, म्हणून धोका नाही, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात हा पक्षी चोचीचा उपयोग तिसऱ्या पायासारखा करतो. चढताना प्रत्येक तार चोचीत धरतो, जिभेने चाचपतो आणि जिथे काही उंचवटा लागेल तिथे तो सुटेपर्यंत खुडत बसतो. नवी जाळी उजेडात तिरकी धरून पाहा. तारा एकमेकींना जिथे चिकटलेल्या असतात तिथे जस्ताचे बारीक थेंब आणि टोके दिसतील, आणि तारेवरून बोट फिरवले तर पांढरी भुकटी लागेल. पक्ष्याच्या पोटात जाते ते हेच. गिळलेला कण पेषणीत, म्हणजे पोटाच्या अन्न दळणाऱ्या भागात, अडकून राहतो आणि तिथल्या आम्लात हळूहळू विरघळतो. बजरीगरचे वजन साधारण ३० ते ४० ग्रॅम, त्यामुळे त्याला बाधण्यासाठी फार जस्त लागत नाही. मरगळ, पिसे फुलवून बसणे, उलटी, पातळ किंवा गडद हिरवी विष्ठा, जास्त पाणी पिणे, तोल जाणे आणि पुढे झटके, अशी लक्षणे दिसतात. ती इतर आजारांतही दिसत असल्यामुळे पक्ष्यांच्या डॉक्टरकडे नेताना पिंजऱ्याची जाळी कोणती आहे हे आवर्जून सांगावे.

जस्ताची जाळी वापरायचीच असेल तर आधी सुटे थेंब कानशीने काढावेत, ताठ ब्रशने व्हिनेगर लावून सगळी जाळी घासावी, भरपूर पाण्याने धुवावी आणि काही आठवडे ऊन-पावसात उघडी ठेवून मग पुन्हा धुवावी.

उत्तर : रिकामी दांडी

वरील उत्तर फटींच्या बाबतीत अचूक आहे, पण व्हिनेगरच्या बाबतीत मी सहमत नाही. व्हिनेगरने सुटी भुकटी आणि पृष्ठभागावरचा पांढरा थर निघतो, मुलामा मात्र तारेवर तसाच राहतो, आणि तो तसा राहावा हीच आपली इच्छा असते, कारण तो निघाला तर खालची तार गंजते. म्हणजे धुण्याने जोखीम कमी होते, संपत नाही. दमट हवेत तारेवर पांढरी भुकटी पुन्हा धरते आणि तेच काम पुन्हा करावे लागते. फिंचसारखे पक्षी तारा चावत नाहीत, त्यांच्यासाठी धुतलेली जाळी मला मान्य आहे. बजरीगर आणि कॉकाटील हे पोपटवर्गातले आहेत, आणि या वर्गासाठी मी ती सुचवणार नाही.

त्याऐवजी ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची वेल्ड केलेली जाळी घ्यावी. ती महाग पडते, पण पिंजऱ्यात खर्च करायचा तर तो जाळीवर करावा आणि सांगाड्यात काटकसर करावी, कारण पक्ष्याचा दिवसभराचा संबंध जाळीशी येतो. स्टेनलेसमध्ये विणलेली जाळीही मिळते. तिच्या तारा एकमेकींवरून सरकतात आणि चौकोन लहानमोठे होतात, म्हणून वेल्ड केलेलीच मागावी. लोहचुंबक लावून प्रत ओळखण्याची पद्धत भरवशाची नाही, कारण ३०४ची तार ओढून बारीक केल्यावर चुंबकाला थोडी चिकटू शकते.

पैशांची अडचण असेल तर साध्या लोखंडी जाळीवर पावडर कोटिंग करून घेणे हा मधला मार्ग आहे. हे कोटिंग भट्टीत भाजून पक्के केलेले असावे, आणि कोटिंग करणाऱ्याकडून त्यात शिसे आणि जस्त नसल्याची खात्री करून घ्यावी. कुठे पोपडा निघाला की तो भाग बदलावा. डब्यातला फवारणीचा रंग हा त्याला पर्याय नाही, कारण त्याचा थर चोचीने पापुद्र्यासारखा निघतो. शिशाचा उल्लेख अजून कोणी केला नाही म्हणून सांगतो : सांधे जोडायला साधे डाख अजिबात वापरू नका, त्यात बहुधा शिसे असते आणि ते जस्तापेक्षा घातक आहे. जाळीचे तुकडे स्टेनलेसच्या कड्यांनी किंवा क्लिपांनी पक्कड वापरून जोडावेत. प्लॅस्टिकचे केबल टाय कॉकाटील आल्याबरोबर कुरतडून टाकील.

उत्तर : तारजाळी

जोखीम संपत नाही हे मान्य आहे. तरीही जस्ताच्या सगळ्या जाळ्या एकसारख्या नसतात, एवढे नोंदवतो. आधी मुलामा देऊन मग वेल्ड केलेल्या जाळीत सांध्यांवरचा मुलामा जळलेला असतो आणि तिथूनच पोपडे सुटतात. आधी वेल्ड करून मग वितळलेल्या जस्तात बुडवलेल्या जाळीवर थर जाड आणि घट्ट बसतो, मात्र थेंब जास्त राहतात आणि ते कानशीने काढावेच लागतात. ज्यांना स्टेनलेस परवडत नाही त्यांनी निदान कोणती जाळी घेत आहोत हे पाहून घ्यावे. चिवचिवाट यांच्याकडची उरलेली जाळी फटीमुळेच बाद होत असल्याने त्यांच्यापुरता हा वाद मिटतो.

उत्तर : सुतारपक्षी

लाकूड आणि दार या दोन गोष्टींवर लिहितो, कारण माझा अनुभव त्यातला आहे.

लाकडी सांगाडा पिंजऱ्याच्या आतून उघडा राहिला तर तो कुरतडला जाणार हे गृहीत धरावे. जाळी सांगाड्याच्या बाहेरून न ठोकता आतून ठोकली तर लाकूड चोचीपासून दूर राहते आणि तैलरंगाचा प्रश्नही बराचसा सुटतो. माझे मत विचाराल तर लाकडाला रंग देऊच नये. पॉलिश पेपरने घासून कोरडे ठेवावे. प्लायवुड आणि एमडीएफ टाळावे, कारण त्यांतल्या डिंकात फॉर्माल्डिहाइड असते. वाळवी लागू नये म्हणून रसायन पाजलेले लाकूडही टाळावे. पॅकिंगच्या पेट्यांचे लाकूड वापरणार असाल तर त्यावरचा शिक्का वाचा : ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने निर्जंतुक केलेले, ते चालेल, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेले, ते नको. लाकडाची खरी अडचण पुढे येते ती किडीची. पक्ष्यांचे रक्त शोषणारे लाल माइट, म्हणजे कोळ्यांच्या वर्गातले बारीक जीव, दिवसा लाकडाच्या सांध्यांत लपतात आणि रात्री बाहेर येतात, म्हणून सांधे शक्य तितके बंद करावेत आणि सांगाडा स्क्रू काढून सुटा करता येईल असा ठेवावा. खिळ्यांपेक्षा स्क्रू बरे, ते याचसाठी.

वर सरकणारे दार कृपया रद्द करा. बजरीगरला चोचीने ते उचलता येते. डोके बाहेर गेले आणि दार सुटले की ते मानेवर पडते. मोठ्या दाराबाबत लोक सावध असतात, पण खाण्याच्या वाटीसाठी ठेवलेली लहान दारे तशीच सरकणारी राहतात आणि घात तिथेच होतो. सगळी दारे बाजूच्या बिजागरीवर, बाहेर उघडणारी आणि बाहेरून कडी लागणारी असावीत. कॉकाटील साधी कडी पाहता पाहता शिकते, म्हणून कडीत अडकवायला स्क्रूने बंद होणारा हूक ठेवावा. दारे दोन असली तर सोयीचे होते : हात घालण्यापुरते लहान दार खालच्या अर्ध्या भागात, कारण घाबरलेला पक्षी वरच्या दिशेने उडतो आणि दार वर असेल तर हाताच्या बाजूने निसटतो, आणि सफाईसाठी जवळजवळ पूर्ण बाजू उघडणारे मोठे दार.

तळाशीही १२ मिलिमीटरचीच जाळी लावून तिच्याखाली कागद घातलेला ट्रे सरकवावा. ट्रे बाहेर काढला तरी पक्षी आत राहतो आणि ओल्या विष्ठेत चोच घालत नाही.

बसायच्या दांड्या यंत्रावर गोल केलेल्या, एकाच जाडीच्या नसाव्यात. एकाच जाडीवर सतत बसून तळव्याच्या त्याच जागेवर दाब येतो, तिथली कातडी पातळ होते आणि पुढे फोड येऊन सूज चढते. पेरू किंवा कडुनिंबाच्या, औषध न फवारलेल्या फांद्या धुऊन, वाळवून वापराव्यात; बजरीगरला १० ते १५ मिलिमीटर जाडी ठीक, कॉकाटीलला १५ ते २५. कण्हेर आणि रुई विषारी आहेत, त्यांची काडीसुद्धा नको. दांडी जाळीच्या फार जवळ बसवू नये. कॉकाटीलची लांबी शेपटीसह ३० सेंटीमीटरच्या वर असते आणि शेपटी जाळीवर घासून पिसे झिजतात. तुमची ४५ सेंटीमीटर खोली बजरीगरला पुरेल, कॉकाटीलसाठी ती ६० करावी.

उत्तर : झुलता झोका

पिंजऱ्याच्या आत टांगायच्या वस्तूंचा विचार कोणी केलेला दिसत नाही. दोरीचे झोके दिसायला छान दिसतात, पण सुटलेला धागा नखाला किंवा पायाला गुंडाळला की रक्तपुरवठा थांबतो, आणि गिळला की अन्नपिशवीत गोळा होऊन बसतो. किल्लीच्या कडीसारख्या दुहेरी कड्या टांगण्यासाठी वापरू नयेत, त्यांच्या फटीत चोच अडकते.

जागेबद्दलही थोडे सांगतो. पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला लागलेली असावी, म्हणजे पक्ष्यांना पाठीमागे आडोसा वाटतो. ऊन यावे, पण सावलीचा कोपरा नेहमी शिल्लक राहावा. स्वयंपाकघरात किंवा त्याच्या लगत पिंजरा ठेवू नये. न चिकटणाऱ्या भांड्यांवरचा पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) थर रिकामे भांडे जास्त तापल्यावर विषारी वायू सोडतो, आणि माणसाला काही जाणवण्याच्या आत पक्षी दगावतात. पिंजऱ्याला कुठेही डिंक किंवा लेप लावला असेल तर त्याचा वास पूर्ण जाईपर्यंत पक्षी आत सोडू नयेत. आणि कॉकाटीलविषयी एक सावधगिरी : हे पक्षी रात्री अंधारात एकाएकी दचकून पंख फडफडवत जाळीवर आदळतात. जवळ मंद दिवा असला तर हे कमी होते, पण त्यासाठीही पिंजऱ्याच्या आत एकही तारेचे टोक उघडे राहता कामा नये.

प्रश्नकर्ता : चिवचिवाट

सर्वांचे आभार. आराखडा बदलला आहे : स्टेनलेसची १२ मिलिमीटरची वेल्ड जाळी, आतून ठोकलेली, रंग नाही, बिजागरीची दोन दारे, खोली ६० सेंटीमीटर. जाळी कापल्यावर राहणाऱ्या टोकांचे काय करावे, एवढाच प्रश्न उरला. कानशीने घासली तरी काही टोके डोळ्यांना दिसतच नाहीत.

उत्तर : सुतारपक्षी

कापताना तार चौकोनाच्या मध्यावर न तोडता आडव्या तारेच्या अगदी लगत तोडावी, म्हणजे टोक उरतेच कमी. उरलेली कड सांगाड्याच्या पट्टीखाली जाईल अशी बसवून वरून दुसरी लाकडी पट्टी स्क्रूने आवळावी. पट्टी शक्य नसेल तिथे स्टेनलेसची यू आकाराची पट्टी कडेवर चढवावी. शेवटी हातावर जुना नायलॉनचा पायमोजा चढवून पिंजऱ्याची आतली प्रत्येक बाजू, दाराच्या कडा आणि कोपरे यांवरून तो सावकाश फिरवावा. जिथे धागा ओढला जाईल तिथे खडूने खूण करून पुन्हा कानस चालवावी. पडलेला कीस झाडून आणि पुसून काढल्याशिवाय तळाचा ट्रे बसवू नये, कारण तो चकाकणारा कीस पक्षी सर्वांत आधी उचलतात.