एडिनबराच्या जुन्या गावात भुतांची फेरी: आईबाबा आणि लेकीला घेऊन कोणती करावी?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही लीड्सला असतो. ऑक्टोबरच्या शेवटी लेकीला हाफ टर्मची सुट्टी आहे आणि तेव्हाच सांगलीहून आईबाबाही आलेले असतील. दोन रात्री एडिनबराला राहायचं ठरवलंय. लेक अकरा वर्षांची आहे आणि तिला तिथल्या जुन्या गावातली भुतांची फेरी करायचीच आहे. नेटवर बघायला गेले तर इतक्या कंपन्या निघाल्या की डोकं चालेना.

अडचणी सांगते. आईचे गुडघे दुखतात. जिना चढते, पण उतरताना कठडा लागतो. शिवाय 'मेल्या माणसांच्या जागी उगाच हसतखिदळत जाऊ नये' असं तिचं म्हणणं. पितृपंधरवडा तोवर होऊन गेलेला असेल, एवढ्यावर तयार झालीये. बाबा बांधकाम खात्यातून निवृत्त झालेत, त्यांना भुतांशी देणंघेणं नाही, एखादा जुना पूल दाखव म्हणतात. तिघांनाही काहीतरी मिळेल अशी फेरी आहे का? आणि लेक रात्री झोपेल ना?

दगडी_जिना

एडिनबरात नऊ वर्षं झाली. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याबरोबर एखादी फेरी होतेच, त्यामुळे बहुतेक सगळ्या करून झाल्यात.

बाबांचं काम सर्वांत सोपं आहे, कारण इथली सगळ्यात गाजलेली भुताची जागा म्हणजे एका पुलाचं पोटच. साउथ ब्रिज 1788 मध्ये बांधून झाला. एकोणीस कमानी, त्यातली उघडी दिसते फक्त एक, काउगेटच्या रस्त्यावरची. बाकीच्या कमानींना दोन्ही अंगांनी उंच इमारती चिकटल्या आणि आतल्या पोकळीत मजले घालून खोल्या काढल्या. वर दुकानं, खाली त्यांची कोठारं, कारागिरांच्या जागा, दारूचे गुत्ते. पण वरच्या रस्त्याचं पाणी खाली झिरपू नये याची सोय धड केली नव्हती. भिंती पाझरू लागल्या, माल कुजायला लागला, तसे कारागीर निघून गेले. मग ज्यांना कुठेच थारा नव्हता ती माणसं तिथे येऊन राहिली. खिडकी नाही, हवा नाही, पाणी फक्त छतातून ठिबकणारं. पुढे ते सगळं बुजवून टाकलं आणि लोक विसरून गेले. 1980च्या दशकात नॉरी रोवन या रग्बी खेळाडूला आत जाणारी वाट सापडली आणि ढिगारा उपसायला सुरुवात झाली. त्यात बाटल्या, भांडी आणि कालवांचे ढीगभर शिंपले मिळाले. कालवं तेव्हा गरिबाचं खाणं होतं.

या खोल्यांचा ब्लेअर स्ट्रीटकडचा भाग मर्कॅट टूर्सवाले दाखवतात. सेंट जाइल्स चर्चच्या शेजारी मर्कॅट क्रॉसपाशी जमायचं असतं. माझी शिफारस हीच. त्यांचे गाइड इतिहास शिकलेले असतात आणि गोष्ट सांगताना ते कळतं. ऑक्टोबरअखेरीला लवकर अंधारतं, त्यामुळे संध्याकाळची पहिली फेरी घेतलीत तरी रात्रीचंच वातावरण मिळेल आणि लेक वेळेवर जेवेल. मात्र 31 तारखेच्या, म्हणजे हॅलोविनच्या, आसपास तोबा गर्दी असते, बुकिंग आत्ताच करा. आणि पायऱ्यांबद्दल फोन करून नीट विचारा. दगड झिजलेले आहेत आणि आत उजेड बेताचाच.

रात्रपाळी

ताई, एक कळकळीची विनंती. 'सर्वांत भयानक' अशी जाहिरात असेल तिथे मुलीला नेऊ नका. आम्ही मुलाला घेऊन गेलो होतो, तेव्हा तो नऊ वर्षांचा. कंपनीचं नाव घेत नाही. गाइडने तासभर नुसता आवाज चढवला, आणि शेवटच्या खोलीत दिवा विझवून कोपऱ्यात लपवलेला माणूस ओरडत अंगावर आला. पोरगा माझ्या कोटात तोंड खुपसून रडला. बाहेर आल्यावर मी त्याला विचारलं, इथे कोण राहायचं सांगितलं रे? त्याला एकही माणूस सांगता आला नाही. महिनाभर दिवा लावून झोपत होता. त्याच्या भीतीपेक्षा मला या गोष्टीचं जास्त वाईट वाटलं. इतकी माणसं त्या अंधारात जगली-मेली आणि आमच्या हाती आली ती फक्त किंकाळी.

परीक्षणं वाचताना लोक काय आठवून लिहितात ते बघा. 'दचकलो' एवढंच असेल तर सोडा. एखाद्या माणसाची गोष्ट आठवून लिहिली असेल तर ती फेरी घ्या.

शनिवारपेठी

रात्रपाळींशी शंभर टक्के सहमत. माझं बालपण शनिवारवाड्याच्या सावलीत गेलं. पौर्णिमेच्या रात्री 'काका मला वाचवा' ऐकू येतं, हे आम्ही परगावच्या पाहुण्यांना सांगायचो. आमच्या वाड्यात कुणी ते कधी ऐकलेलं नव्हतं. पण त्या एका हाकेमुळे 30 ऑगस्ट 1773 ला गारद्यांनी नारायणरावांना मारलं, हे पेठेतल्या शाळेत न गेलेल्या म्हातारीलाही ठाऊक होतं. भूत ऐकीव होतं, खून खरा होता. चांगला गाइड या दोन गोष्टींच्या मधली रेघ दाखवतो. एडिनबराच्या ग्रेफ्रायर्स स्मशानात मला असा गाइड भेटला, म्हणून हे लिहितोय.

तिथल्या मॅकेन्झीच्या भुताबद्दल वाचलं असेलच. सर जॉर्ज मॅकेन्झी हा राजाचा मुख्य सरकारी वकील. धर्माच्या बाबतीत राजाचं न मानणाऱ्या कव्हेनंटर लोकांचा त्याने इतका छळ केला की लोक त्याला 'रक्तपिपासू मॅकेन्झी' म्हणू लागले. 1679 मध्ये बॉथवेल पुलाच्या लढाईत हरलेले सुमारे बाराशे कैदी या स्मशानाला लागून असलेल्या मैदानात उघड्यावर ठेवले होते. उन्हाळ्यापासून नोव्हेंबरपर्यंत, डोक्यावर छप्पर नाही. काही तिथेच मेले, काहींना फाशी झाली, बरेच जण पुन्हा शस्त्र धरणार नाही असं लिहून देऊन सुटले. शेवटी अडीचशेच्या वर माणसं वसाहतींत गुलाम म्हणून विकायला जहाजात भरली. डिसेंबरात ते जहाज ऑर्कनी बेटांपाशी खडकावर फुटलं आणि दोनशेहून जास्त माणसं बुडाली.

भुताचा बोलबाला मात्र झाला 1998 नंतर, एक बेघर माणूस तिथल्या थडग्यात शिरला तेव्हापासून. लोकांना ओरखडे उठतात, चक्कर येते असं सांगतात. आमच्या गाइडने शांतपणे एवढंच दाखवलं की ज्या काळ्या थडग्यात हे घडतं म्हणतात ते मॅकेन्झीचं नाहीच, त्याची घुमटी बाहेर वेगळी आहे. पूर्वी पोरं त्या घुमटीच्या दाराशी जाऊन 'बाहेर ये' म्हणून ओरडायची आणि धूम ठोकायची, हेही त्यानेच सांगितलं. कैद्यांच्या भागाला कुलूप असतं. आत जायचं तर सिटी ऑफ द डेड या कंपनीची रात्रीची फेरीच घ्यावी लागते. तुमच्या आईंना ती झेपेल का, हे मात्र तुम्हीच ठरवा.

चिंचपाणी

मध्येच विचारते, मेरी किंग्ज क्लोज आणि या पुलाखालच्या खोल्या एकच का? आमची धाकटी चार वर्षांची आहे.

दगडी_जिना

@चिंचपाणी, नाही, वेगळ्या. मेरी किंग्ज क्लोज ही नगरपालिकेच्या इमारतीखाली गाडली गेलेली खरी गल्ली आहे. 1753 मध्ये वर ही इमारत, तेव्हाचं रॉयल एक्स्चेंज, बांधायला घेतली तेव्हा घरांचे वरचे मजले पाडले आणि खालचे पाया म्हणून ठेवले. मेरी किंग ही सतराव्या शतकात तिथे व्यापार करणारी बाई. 1645 च्या प्लेगात रोग्यांना आत कोंडून भिंती घातल्या असं सर्रास सांगतात, ते खोटं आहे. घरांवर पांढरं फडकं लावत, अन्न पोचवत, प्लेगचा डॉक्टर घरोघर जाई. तिथे एका खोलीत बाहुल्यांची रास आहे. 1992 मध्ये आलेल्या एका जपानी बाईला अ‍ॅनी नावाची लहान मुलगी रडताना जाणवली, म्हणून तिने बाहुली ठेवली, तेव्हापासून लोक ठेवतच आलेत. चार वर्षांच्या मुलीला नको. वयाची अटही असते. तिच्यासाठी दिवसाचं ग्रेफ्रायर्स उत्तम. फुकट आहे आणि मेलेल्या मालकाच्या थडग्यापाशी वर्षानुवर्षं बसून राहिला म्हणतात त्या बॉबी कुत्र्याची गोष्ट आहे.

@कृष्णाकाठ, लेकीची झोप: तिला आधीच सांगून ठेवा की 2001 मध्ये रिचर्ड वाइजमन या मानसशास्त्रज्ञाने याच पुलाखालच्या खोल्यांत प्रयोग केला. कुठली खोली भुताची हे लोकांना न सांगताच त्यांना आत बसवलं. बदनाम खोल्यांतच लोकांना जास्त काहीबाही जाणवलं, पण त्याचा धागा खोलीचा आकार, उजेड अशा गोष्टींशी जुळत होता. माझ्या भाचीला हे कळल्यावर ती प्रत्येक खोलीत छत किती उंच आहे ते बघत फिरली.

रात्रपाळी

आणि बर्क-हेअरची गोष्ट गाइड सांगणारच, त्याची तयारी ठेवा. 1828 मध्ये दोघांनी सोळा माणसं मारून प्रेतं शरीरशास्त्राच्या डॉक्टर नॉक्सला विकली. हेअर माफीचा साक्षीदार झाला, बर्क 1829 च्या जानेवारीत फासावर गेला. अकरा वर्षांच्या मुलीला हे कळेल, फक्त ते आधी तुमच्या तोंडून ऐकू दे. ग्रेफ्रायर्समध्ये थडग्यांवर लोखंडी पिंजरे दिसतील, ते भूत बाहेर येऊ नये म्हणून नव्हते, प्रेतचोर आत शिरू नयेत म्हणून होते.

कृष्णाकाठ

परत आलो. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार, म्हणून सविस्तर लिहिते.

सकाळी ग्रेफ्रायर्स, संध्याकाळी ब्लेअर स्ट्रीट असं केलं. जिन्याबद्दल आधी विचारून ठेवल्यामुळे आई काठी घेऊन आली होती. ती सगळ्यांत शेवटी उतरली आणि गाइड मुलगी खाली दिवा धरून थांबली. आत गेल्यावर पहिल्यांदा वास येतो, पावसाळ्यात बंद ठेवलेल्या घराचा. मग थेंबांचा आवाज. एक थेंब आईच्या शालीवर पडला तेव्हा तिने माझा हात धरला, आणि पुढचा तासभर सोडला नाही. गाइडने दिवा एकदाच विझवला, तोही विचारून. म्हणाली, इथे राहणाऱ्यांना दिवसा एवढंच दिसायचं. त्या अर्ध्या मिनिटात कुणीही हसलं नाही.

बाबांनी कमानीवरून बोट फिरवलं आणि पांढरा ओला चुना मला दाखवला. सांधे सुटले की दगडातून असाच चुना उतरतो म्हणाले. आमच्या सांगलीच्या आयर्विन पुलापासून सुरुवात करून गाइडला प्रश्न विचारत सुटले, भाषांतर करता करता माझी दमछाक झाली. ती मुलगी मात्र फेरी संपल्यावर दहा मिनिटं त्यांच्यासाठी थांबली. लेक छताची उंची बघत होती. तिला गाइडने सांगितलेली रडणाऱ्या मुलाच्या भुताची खोली लक्षात राहिली नाही, शिंपले राहिले. गाइडने हातात दिलेला एक शिंपला तिने बराच वेळ धरून ठेवला होता. रात्री गाढ झोपली.

आईचं सांगायचं म्हणजे, तिच्यासाठी सकाळच जड गेली. बॉबीच्या दगडापाशी लोकांनी काटक्या ठेवल्या होत्या, कुत्र्याला खेळायला म्हणून. तिनेही एक शोधून ठेवली. मग कैद्यांच्या भागाच्या कुलूपबंद फाटकाशी आलो. शनिवारपेठींनी लिहिलेलं मी तिला वाचून दाखवलं. जहाजाचं ऐकल्यावर तिने विचारलं, "त्या बुडालेल्यांचं मागे कुणी काही केलं का गं?" मला सांगता येईना. लेकीने फोनवर शोधलं: ऑर्कनीला डिअरनेसपाशी 1888 साली त्यांचा स्मारकस्तंभ उभारलाय. आई म्हणाली, "म्हणजे दोनशे वर्षं कुणी नाही." गजांना हात लावून थोडी उभी राहिली. पुढच्या सर्वपित्रीला एक पान जास्त वाढणार आहे म्हणाली.

कुलपाआडची रात्रीची फेरी आम्ही घेतली नाही. आई नको म्हणाली, आणि फाटकाबाहेरून बघितलेलं पुरे वाटलं.

@चिंचपाणी, ग्रेफ्रायर्सला चार वर्षांचं मूल सहज फिरेल, गवतही आहे. बॉबीच्या पुतळ्याचं नाक घासायची पद्धत पडलीये, त्याने झीज होते, ते तेवढं तिला करू देऊ नका. आणि पावसाचे बूट न्या, उतारावरचे दगड ओले असले की पाय सरकतो.