मदत हवी आहे : ताठरतेच्या गोळीचा परिणाम नेमका किती तास राहतो आणि दर वेळी वेगळा का जाणवतो?

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका) :

नमस्कार. हे लिहावे की नाही, या विचारात दोन महिने गेले. माझे वय 54 असून खानापूर तालुक्यात आमची भातशेती आहे. नऊ वर्षांपासून मधुमेह आहे आणि चार वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू आहे. गेल्या दीड वर्षात लिंगाला पुरेशी ताठरता येईनाशी झाली आहे, आणि आली तरी ती टिकत नाही. पत्नीने एका शब्दानेही बोलून दाखवले नाही. पण तिचे न बोलणेच मला अधिक लागते.

मी ज्या डॉक्टरांकडे शुगर दाखवतो, त्यांच्या खोलीत एका रुग्णाची तपासणी चालू असतानाच पुढचे दोघे दाराशी येऊन उभे राहतात. डॉक्टर कन्नडभाषक आहेत. माझे कन्नड बाजारापुरते आणि कचेरीपुरते चालते. या विषयाचे शब्द मला त्या भाषेत येत नाहीत, आणि खरे सांगायचे तर मराठीतही तोंडातून निघत नाहीत. म्हणून शेवटी बेळगावातील एका मेडिकलमधून, चिठ्ठी नसताना, सिल्डेनाफिल 50 मिग्रॅ.ची पट्टी घेतली. दुकानदाराने गोळी एक तास आधी घ्या, एवढेच सांगितले.

आतापर्यंत चार वेळा घेतली आणि चारही वेळचा अनुभव निराळा आला. पहिल्यांदा संध्याकाळी हलका आहार घेतला होता. तेव्हा तासाभरात परिणाम जाणवला आणि तो तीन-चार तास राहिला असावा. दुसऱ्यांदा रविवार होता. घरी मटण होते, जेवण पोटभर झाले आणि साडेनऊच्या बातम्या लागताच गोळी घेतली. आई मधल्या खोलीत झोपते, पत्नीची स्वयंपाकघरातली आवराआवर चालली होती, आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत बसलो होतो. साडेअकरापर्यंत काहीही झाले नाही. तिसरी वेळ पावसाळ्यातली. जांघेत नायटा झाल्यामुळे इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल चालू होत्या. त्या रात्री परिणाम तर झालाच, पण चेहरा तापला, नाक चोंदले आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोके ठणकत होते. चौथ्यांदा परिणाम जेमतेम झाला.

माझी बाकीची औषधे अशी : मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, अॅम्लोडिपिन 5 मिग्रॅ. आणि रात्री अॅटोरव्हास्टॅटिन. शिवाय गेल्या वर्षी रोप लावणीच्या वेळी बांधावरच छातीत आवळल्यासारखे झाले होते, तेव्हा जिभेखाली ठेवायची एक छोटी गोळी दिली आहे. ती नेहमीची नाही, आतापर्यंत दोनदाच लागली. ती आणि ही, दोन्ही मी चुन्याच्या रिकाम्या डबीत घालून सदऱ्याच्या खिशात ठेवतो.

माझे प्रश्न असे आहेत. या गोळीचा परिणाम किती तास धरावा? जेवणाने तो खरोखर कमी होतो का? मधुमेहामुळे गोळी लागू पडेनाशी होते का? आणि परिणाम दीर्घकाळ टिकणारी दुसरी एक गोळी असते असे ऐकले आहे, ती माझ्यासाठी बरी पडेल का?

निपाणीकर :

आपण मोकळेपणाने लिहिलेत, हे फार बरे केलेत. मी तीन वर्षांपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने टाडालाफिल घेतो. तिचा परिणाम 36 तासांपर्यंत राहू शकतो आणि जेवणाने तिच्यात फरक पडत नाही, त्यामुळे घड्याळाकडे पाहत बसण्याचा ताण उरत नाही. 36 तास म्हणजे तेवढा वेळ ताठरता राहते, असा मात्र अर्थ नाही. त्या काळात इच्छा झाली, तर शरीर साथ देते, इतकेच. माझ्या मते आपण त्या गोळीबद्दल विचारून पाहावे.

जुना फार्मासिस्ट (शहापूर, बेळगाव) :

मलप्रभाकाठ यांस, आपल्या चारही प्रश्नांची उत्तरे देतो; परंतु त्याआधी एक गोष्ट. जिभेखाली ठेवायची ती छोटी गोळी बहुधा आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट, म्हणजे आपल्याकडे सॉर्बिट्रेट या नावाने ओळखली जाणारी गोळी असणार. तिच्या वेष्टनावर हे नाव किंवा 'नायट्रेट' हा शब्द असेल, तर सिल्डेनाफिल आजपासून पूर्ण बंद करा. टाडालाफिलचाही विचार मनातून काढून टाका. नायट्रेट आणि ताठरतेची गोळी, ही दोन्ही औषधे रक्तवाहिन्या सैल करतात आणि दोन्ही एकाच साखळीवर काम करतात : नायट्रेटमुळे शरीरात नायट्रिक ऑक्साइड वाढते, त्यातून रक्तवाहिनीला सैल करणारे द्रव्य तयार होते, आणि ताठरतेची गोळी तेच द्रव्य मोडणाऱ्या विकराला (एन्झाइमला) अडवते. एकाने पाणी सोडायचे आणि दुसऱ्याने मोरी बुजवायची, असा तो प्रकार आहे. रक्तदाब इतका कोसळू शकतो, की माणूस जागीच बेशुद्ध पडतो. त्यात जीवही जाऊ शकतो. दोन्ही गोळ्या आपण एकाच डबीत ठेवता, हे वाचून मी तुमच्यासाठी घाबरलो आहे.

म्हणूनच 'किती तास' या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरे आहेत. परिणाम किती तास जाणवतो, हे एक. आणि औषध रक्तात किती तास असते, हे दुसरे. सिल्डेनाफिलचा परिणाम साधारण चार ते पाच तास जाणवतो. ते रक्तात दर चार तासांनी सुमारे निम्मे होते, म्हणजे आठ तासांनीही पाव भाग शिल्लक असतो. त्यामुळे ते घेतल्यापासून 24 तास नायट्रेट देता येत नाही. टाडालाफिलला निम्मे व्हायला सुमारे साडेसतरा तास लागतात, म्हणून तिथे किमान 48 तासांचे अंतर राखतात. जी गोळी टिकते म्हणून सोयीची वाटते, ती छातीत दुखणाऱ्या माणसासाठी तेवढाच काळ धोक्याची ठरते. आपल्याला नायट्रेट केव्हा लागेल, हे आधी सांगता येत नाही, त्यामुळे अंतर राखून घेण्याचा मार्ग आपल्यासाठी नाहीच. डॉक्टरांना भेटेपर्यंतच्या काळात छातीत दुखले आणि त्याआधी ताठरतेची गोळी पोटात गेलेली असेल, तर जिभेखालची गोळी न घेता 108 ला फोन करा आणि कोणती गोळी किती वाजता घेतली, हे पहिल्या वाक्यात सांगा. तिथे लाज धरू नका.

आता जेवणाविषयी. तेलकट, चरबीयुक्त जेवणानंतर सिल्डेनाफिल रक्तात चढायला जवळपास एक तास अधिक लागतो, शिवाय तिची कमाल पातळीही खाली राहते. रविवारी आपल्याला जे अनुभवास आले, त्याचे हे एक कारण असावे. दुसरे असे, की ही गोळी आपण होऊन ताठरता आणत नाही. मनात इच्छा आणि शरीराला उत्तेजन असेल, तरच ती मदत करते. घड्याळाकडे लागलेले मन हे उत्तेजन नव्हे.

पावसाळ्यातल्या त्या रात्रीचे उत्तर इट्राकोनॅझोलमध्ये आहे. यकृतातील जे विकर सिल्डेनाफिल मोडते, त्यालाच हे नायट्याचे औषध अडवते. त्यामुळे 50 मिग्रॅ.ची गोळी घेऊनही रक्तात तिची मात्रा कितीतरी अधिक होते आणि ती रेंगाळते. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविकेही असेच करतात. उलट क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन तिला लवकर संपवते. वय 65 च्या पुढे गेले, किंवा यकृत अथवा मूत्रपिंड अशक्त असले, तरीही औषध अधिक काळ राहते, आणि अशा रुग्णांना डॉक्टर 25 मिग्रॅ.पासून सुरुवात करतात. (कोलेस्टेरॉलच्या गोळीबरोबरही इट्राकोनॅझोलचे जमत नाही; त्वचेच्या डॉक्टरांना आपल्या सर्व गोळ्या सांगत जा.) प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिनसारखी गोळी चालू असेल, तर तेही लपवू नये, कारण उठताना भोवळ येते.

मधुमेहाचे म्हणाल, तर दीर्घकाळ वाढलेली साखर बारीक रक्तवाहिन्या आणि नसा या दोहोंना इजा करते, आणि ज्या वाटेने गोळीने काम करायचे, ती वाटच अरुंद होते. तंबाखूही तेच करते. चुन्याच्या डबीचा उल्लेख वाचून विचारतो आहे, राग मानू नये.

शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. लिंगाच्या रोहिण्या हृदयाच्या रोहिण्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे रक्तवाहिन्यांचा आजार पुष्कळदा आधी तिथे दिसतो आणि काही वर्षांनी छातीत. आपल्या बाबतीत तर दोन्ही खुणा दिसल्या आहेत. बेळगावात हृदयरोगतज्ज्ञ आहेत. या आठवड्यातच जा. बोलणे जमत नसेल, तर कागदावर सर्व गोळ्यांची नावे लिहा, त्याखाली 'सिल्डेनाफिल, चार वेळा, चिठ्ठीविना' एवढे लिहून तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा. औषधांची नावे कन्नडमध्येही तीच असतात.

निपाणीकर :

जिभेखालच्या गोळीची ओळ माझ्या नजरेतून सुटली होती. मी दिलेला सल्ला कृपया पाळू नये. मला औषध सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांनी ईसीजी काढून छातीत दुखते का, हे दोनदा विचारले होते. ते का विचारले, हे आज कळले.

मलप्रभाकाठ :

नऊ दिवसांनी लिहितो आहे. त्याच रात्री डबी उघडून वेष्टन पाहिले; फार्मासिस्ट साहेबांनी लिहिलेलेच नाव होते. पत्नीला सर्व सांगितले. तिने ताठरतेच्या गोळीची पट्टी माझ्या हातून घेतली आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन बेळगाव गाठले. कागद पुढे ठेवला. डॉक्टरांनी वाचला, दार लावून घ्यायला सांगितले आणि अर्धा तास माझ्याशी मोडक्या मराठीत बोलले.

ताठरतेची गोळी त्यांनी बंद केली आहे. तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) 9.4 टक्के निघाली, तिचे औषध बदलले. पट्ट्यावर चालवून हृदयाची तपासणी झाली असून तिच्यात दोष दिसला आहे. पुढच्या सोमवारी अँजिओग्राफी करायची आहे. त्यानंतरही नायट्रेट चालू ठेवावे लागले, तर ताठरतेसाठी व्हॅक्यूम पंप किंवा लिंगात घ्यायचे इंजेक्शन असे उपाय असतात, त्यांचा विचार नंतर करू, असे ते म्हणाले. आणि साहेब, होय, तंबाखू तीस वर्षांची आहे. आज सोडून सहा दिवस झाले.

व्हॅक्यूम पंप वापरलेले कोणी येथे असल्यास कृपया अनुभव लिहावा.