मुलांना ‘कशावरून?’ची सवय कशी लावायची?

खडूफळा:
सहावी-सातवीला भाषा शिकवते. वर्गात मतं सगळ्यांची ठाम, पण कारण विचारलं की "मला वाटतं म्हणून" नाहीतर "सगळेच म्हणतात". परवा ‘शाळा उशिरा भरावी का’ असा विषय दिला तर एकाने लिहिलं, उशिरा भरावी कारण लवकर भरणं चुकीचं आहे. झालं, तेच वाक्य फिरवून! पुरावा द्या म्हटलं की नेटवरून कुठला तरी आकडा उचलून मध्येच चिकटवतात, त्याचा मताशी संबंध काय हे त्यांनाच सांगता येत नाही. तुम्ही काय करता?

मधली_सुट्टी:
आकडा शोधला म्हणजे निम्मं काम झालं की. राहिलाय तो मधला दुवा. टूलमिन नावाच्या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९५८ मध्ये युक्तिवादाची जी मांडणी केली त्यात दावा आणि माहिती यांना जोडणारा हाच भाग वेगळा काढलाय, पण पोरांना नावं वगैरे सांगत बसू नका. पुराव्याच्या खाली "यावरून असं दिसतं की" लिहून वाक्य पुरं करायला सांगा, नाही जमलं तर तो पुरावा इथला नाही. आणि नेट बंद. वर्गातल्यांनीच आठवडाभर झोपायच्या-उठायच्या वेळा लिहायच्या आणि त्यावरून बोलायचं. कोणीतरी विचारतंच, "पण सगळ्यांनी खरं लिहिलं कशावरून?" त्या दिवशी माझा तास वसूल.

बिनपगारी_मास्तर:
मी जॉन स्नोची गोष्ट सांगतो, हमखास चालते. १८५४, लंडनमध्ये कॉलऱ्याची साथ, बहुतेक लोक म्हणतात घाणेरड्या हवेने होतो, हा डॉक्टर म्हणतो पाण्याने. मग घरोघरी विचारत फिरला, पाणी कुठलं पिता, आणि मृत्यू नकाशावर मांडले तर ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती गर्दी. इथे मी थांबतो आणि विचारतो, पटलं? सगळे हो म्हणतात. मग मी म्हणतो, अरे पण त्या भागातली हवाही वाईट असू शकते ना! वर्ग गप्प. मग सांगायचं की पंपाजवळच्याच दारूभट्टीतले कामगार वाचले, ते त्या पंपाचं पाणी पीतच नव्हते, आणि लांब हॅम्पस्टेडला राहणारी एक बाई मात्र गेली, कारण चव आवडते म्हणून ती तिथलंच पाणी मागवायची. हवा म्हणणाऱ्यांना ही दोन उदाहरणं कशी बसवायची ते पोरांनाच विचारा. वर एक गंमत, पंपाचं हँडल काढलं म्हणून साथ थांबली असं पोरं लगेच लिहितात, पण साथ आधीच ओसरायला लागली होती, लोक घरं सोडून गेले होते आणि हे स्नोनेच नोंदवलंय.

शंकासूर:
सगळं ठीक, पण लिहायला लावायची घाई का? आधी तोंडी होऊ द्या. मी तर ज्याला जे मत आहे त्याच्या उलट बाजूने बोलायला लावतो. सुरुवातीला आरडाओरडा होतो, पण समोरच्याचा सगळ्यात भक्कम मुद्दा कोणता हे शोधावंच लागतं. आणि कृपा करून पुरावे मोजून मार्क देऊ नका, तीन पुरावे म्हणजे तीन मार्क केलं की तीन आकडे चिकटतात.

खडूफळा:
@शंकासूर, मार्कांचं बरोबर पकडलंत, मी नेमकं तेच केलं होतं 🙈 सोमवारी झोपेची वही सुरू करते, दारूभट्टी सांगायला मात्र थोडी हिंमत गोळा करावी लागेल.