स्वच्छ ऊर्जेत पैसा घालायचा, तर सरकारचा शब्द किती वर्षांचा?

पठारावरून
माझं मत आधीच सांगतो. सौर आणि पवनऊर्जेला अनुदान किती द्यायचं, हा वाद दुय्यम आहे. २५ वर्षं चालणाऱ्या यंत्रात पैसा घालणाऱ्याला नियम मध्येच बदलणार नाहीत याची खात्री हवी, आणि आपल्याकडे तीच मिळत नाही.

पवनचक्क्यांचंच बघा. पाटण तालुक्यातल्या वनकुसवडे पठारावर आणि धुळ्यात साक्रीच्या बाजूला त्या उभ्या राहिल्या, त्यामागे मोठा वाटा करसवलतीचा होता. पवनचक्कीच्या किमतीचा ८० टक्के घसारा (यंत्राची झीज म्हणून करपात्र नफ्यातून वजा होणारी रक्कम) पहिल्याच वर्षी दाखवता यायचा, त्यामुळे विजेशी काडीचा संबंध नसलेल्या कंपन्यांनीही पैसा ओतला. २०१२ च्या मार्चअखेर ही सवलत काढली. तयार केलेल्या विजेच्या प्रत्येक युनिटमागे सरकारकडून मिळणारे ५० पैसेही त्याच सुमारास थांबले. देशात आदल्या वर्षी सुमारे ३,२०० मेगावॅटची भर पडली होती, ती पुढच्या वर्षी १,७०० वर आली. २०१४ मध्ये घसारा परत दिला आणि २०१७ पासून निम्म्यावर, म्हणजे ४० टक्क्यांवर आणला. पाच वर्षांत तीन वेळा दिशा बदलली. अशा उद्योगात कारखाना कोण टाकेल, कामगार कोण नेमेल?

हिशेबी
पटलं नाही. घसाऱ्याची सवलत पवनचक्की उभी करण्याला होती, वीज काढण्याला नव्हती. पातं फिरो न फिरो, कर वाचला की काम झालं. ती गेली ते योग्यच झालं. युनिटमागे पैसे देणं हा चांगला मार्ग होता, तो थांबवला याचं मात्र मलाही वाईट वाटतं.

आता कुणीतरी पुण्याच्या सुझलॉनचं नाव काढेलच, म्हणून आधीच लिहितो. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांना परदेशी रोख्यांचे पैसे फेडता आले नाहीत, पण त्याची मुळं जुनी होती. २००७ मध्ये कर्ज काढून जर्मनीची रीपॉवर कंपनी घेतली आणि अमेरिकेत पात्यांना तडे गेले, तो खर्च अंगावर आला. सगळं खापर धोरणावर फोडू नका.

आणि नियम बदलले म्हणूनच वीज स्वस्त झाली. २०१० च्या आसपास केंद्रीय वीज नियामक आयोगाने सौर विजेचा दर युनिटला १७ रुपये ९१ पैसे धरला होता. लिलाव सुरू झाले, बोली लावणारे वाढले, पॅनल स्वस्त झाले आणि २०१७ मध्ये राजस्थानातल्या भडलाला २ रुपये ४४ पैशांची बोली लागली. जुनाच दर पुढच्या प्रकल्पांनाही दिला असता, तर तो ग्राहकाच्या बिलातूनच वसूल झाला असता.

पठारावरून
नव्या प्रकल्पाचा दर खाली आणा, त्याला माझी ना नाही. माझा आक्षेप केलेला करार फिरवण्याला आहे. आंध्र प्रदेशात २०१९ मध्ये सरकार बदललं आणि आधीच्या सरकारने केलेले सौर-पवन करार महाग आहेत म्हणून पुन्हा दर ठरवू, असं नव्या सरकारने सांगितलं. बिलं अडकली. उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये कंपन्यांच्या बाजूने निकाल दिला, पण मधल्या तीन वर्षांत बँकांनी काय धडा घेतला असेल? जोखीम वाढली की व्याज वाढतं, आणि व्याज वाढलं की वीज महागते. तुमचं स्वस्त विजेचं गणितही याच शब्दावर उभं आहे.

शिरूरकडचा
तुम्ही दोघं मोठ्या कंपन्यांचं बोलताय. आमच्याकडचं सांगतो. शेतीची लाइन चक्राने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की उसाला दारं धरायला बॅटरी घेऊन जायचं. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात खोरं, आणि सरीत पाणी पुढे सरकतंय का हे बघायचं की पाचटात काय खसखसलं ते बघायचं? जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यात बिबट्याची भीती ऐकीव नाही.

म्हणून मला सौर कृषी वाहिनी योजना पटते. सबस्टेशनजवळ सौर प्रकल्प आणि त्यावर गावचा शेतीचा फिडर, म्हणजे शेतीची वीजवाहिनी. ऊन आहे तेव्हा लाइन आहे. २०२३ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात खासगी जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वर्षाला भाडं ठरलंय, म्हणजे एकरी ५० हजार, शिवाय दरवर्षी ३ टक्के वाढ. मुरमाड रानात बाजरी करून एवढे सुटतात का, हे करणाऱ्याने सांगावं. इथे खर्च केलेला सरकारी पैसा मला सत्कारणी लागलेला दिसतो.

गायरान
खासगी जमीनवाल्याला भाडं मिळतं, चांगलं आहे. पण ही योजना सरकारी जमिनीवरही आहे आणि सरकारी जमीन म्हणजे बऱ्याच गावांत गायरान. तिथे ज्यांची दोन शेरडं चरतात त्यांच्या नावावर सातबारा नाही. कुंपण पडलं की त्यांनी जायचं कुठे? त्यांना कोणतंही भाडं नाही. स्वच्छ ऊर्जा हवीच, पण तिची किंमत गावातल्या सगळ्यात गरीब माणसाने का मोजायची?

तिसरा मजला
छतावरच्या सौर पॅनलचंही बोलू या. केंद्राच्या सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार अनुदान आहे. आमच्यासारख्या सोसायट्यांना लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांसाठी किलोवॅटमागे १८ हजार मिळतात. ३ किलोवॅटमधून महिन्याला साधारण साडेतीनशे युनिट निघतात. आमच्या सभेत खर्चावर कुणी अडलं नाही, अडले ते नेट मीटरिंगवर, म्हणजे छतावरची जास्तीची वीज वीज कंपनीला देऊन ती बिलातून वजा करून घेण्यावर. उद्या नियम बदलला तर काय, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. धागाकर्त्याशी मी सहमत.

हिशेबी
नेट मीटरिंगमध्ये तुम्ही दुपारी युनिट देता आणि संध्याकाळी तेवढंच परत घेता. दुपारी वीज मुबलक असते, संध्याकाळी सातला टंचाई असते आणि ती महाग मिळते. हा फरक भरतो कोण? ज्याला स्वतःचं छत नाही असा भाडेकरू. छतं थोडी होती तोवर हे चालून गेलं. आता नव्या जोडण्यांना वीज साठवणाऱ्या बॅटरीची सक्ती नसली, तरी निदान तिच्यासाठी सवलत द्यावी आणि दुपारच्या युनिटला दुपारचाच भाव द्यावा. जुन्या जोडण्यांना हात लावू नये, एवढं पठारावरून यांचं मान्य.

डीमॅट
शेअर घेणाऱ्यांसाठी एकच. स्वच्छ ऊर्जेच्या प्रकल्पांना कर्ज देणाऱ्या इरेडा या सरकारी कंपनीचा शेअर २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ३२ रुपयांना विकला गेला, पुढच्या जुलैत ३१० पर्यंत गेला आणि नंतर निम्म्याच्याही खाली आला. या काळात धोरण फारसं बदललं नव्हतं. धोरण चांगलं म्हणजे कोणत्याही भावात शेअर चांगला, असं समजू नका.

पठारावरून
गायरान, तुमचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. योजनेत ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख मिळतात, पण तीनच वर्षं. वीजखरेदीचा करार २५ वर्षांचा. कंपनीला २५ वर्षांची हमी द्या म्हणून मी भांडतो, तर गावालाही तेवढीच मुदत मिळायला हवी. हा हिस्सा प्रकल्प चालेल तोवर द्यावा आणि चराई गेलेल्या घरांची यादी ग्रामसभेने करून त्यांचा वाटा आधी काढावा.

गायरान
पैसा पंचायतीत आला की यादीत नावं कुणाची पडतात हे गावात राहणाऱ्याला ठाऊक असतं. त्यापेक्षा पॅनलची चौकट उंच घ्या आणि खाली मेंढरं चरायला सोडा. गवत कापायचा खर्च कंपनीचाही वाचेल. हे करारातच लिहून घ्यायला काय अडचण आहे, ते कुणी माहीतगार असेल तर सांगा.