उबंटू: रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमध्ये टाकलेला डीएनएस रीबूटनंतर गायब होतो

नवा_पेंग्विन:
उबंटू २४.०४, ग्नोम, वाय-फाय. डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून आयपी पत्ता शोधून देणारा सर्व्हर, म्हणून क्वाड-नाइन या सेवेचा ९.९.९.९ वापरायचा आहे. ईटीसी फोल्डरमधल्या रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमध्ये तो लिहिला की चालतो, पण रीबूट केलं की तिथे पुन्हा १२७.०.०.५३ येऊन बसतो. नेटवर्क सेटिंग्जमध्ये आयपीव्ही४ खाली टाकून पाहिला, तर लीक टेस्टमध्ये (कोणता डीएनएस वापरला जातोय ते दाखवणाऱ्या वेबसाइटवर) क्वाड-नाइनसोबत इंटरनेट कंपनीचा सर्व्हरही दिसतो. चॅटर प्लस आय ही कमांड देऊन फाइल कुलूपबंद करा, असा सल्ला सगळीकडे दिसतो. करावं का?

मूळसर्व्हर:
नको. ती खरी फाइल नाहीच, सिमलिंक आहे, म्हणजे दुसऱ्या फाइलकडे नेणारा दुवा. चॅटर सिमलिंकवर चालत नाही, एरर देतो. मग लोक लिंक उडवून साधी फाइल बनवतात, ती कुलूपबंद करतात आणि पुढे व्हीपीएनला स्वतःचा डीएनएस तिथे लिहिता येत नाही म्हणून डोकं धरून बसतात.

लिंक रन फोल्डरमधल्या स्टब-रिझॉल्व्ह डॉट कॉन्फकडे जाते. रन फोल्डर रॅममध्ये असतो, त्यामुळे नॅनो एडिटरने केलेला बदल मशीन बंद होताच जातो आणि सिस्टमडी-रिझॉल्व्हडी (उबंटूमध्ये डीएनएसचे प्रश्न हाताळणारा प्रोग्रॅम) पुढच्या बूटला फाइल नव्याने लिहितो. १२७.०.०.५३ हा त्याचाच पत्ता, तुमच्याच मशीनवरचा. तो दिसणं बरोबर आहे, त्याला हात लावू नका.

बदल नेटवर्कमॅनेजरमधून, म्हणजे ग्नोमच्या नेटवर्क सेटिंग्जमधून करा. सेटिंग्ज, वाय-फाय, जोडलेल्या नेटवर्कसमोरचं गिअरचं चिन्ह, आयपीव्ही४. डीएनएससमोरचं 'ऑटोमॅटिक' बटण बंद करा आणि खालच्या चौकटीत ९.९.९.९, १४९.११२.११२.११२ असं स्वल्पविराम देऊन लिहा. बटण चालू राहिलं तर तुमचे सर्व्हर राउटरने दिलेल्यांच्या *जोडीला* बसतात, जागी नाही.

मग आयपीव्ही६ च्या टॅबवरही तेच बटण बंद करा. तुमची गळती बहुधा इथलीच. राउटर आयपीव्ही६ च्या जाहिरातीतून (नेटवर्कची माहिती कळवणाऱ्या संदेशातून) वेगळा डीएनएस पाठवतो आणि आयपीव्ही४ टॅबमधल्या बदलाचा त्याच्याशी काही संबंध नसतो. चौकट रिकामी ठेवली तरी चालेल. अप्लाय करून वाय-फाय एकदा बंद-चालू करा, त्याशिवाय बदल लागू होत नाही. आणि ही सेटिंग प्रत्येक कनेक्शनची वेगळी असते. केबल लावली की तिथे पुन्हा करावी लागेल.

डिगवाला:
वरच्याशी सहमत. तपासताना डिग या डीएनएसला प्रश्न विचारणाऱ्या कमांडवर विसंबू नका. डिगच्या उत्तराखाली सर्व्हर म्हणून १२७.०.०.५३ च दिसणार, कारण तो रिझॉल्व्हडीलाच विचारतो. 'रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस' चालवा आणि वाय-फायच्या लिंकखालची 'करंट डीएनएस सर्व्हर' ही ओळ बघा. जुनी उत्तरं अडकली असतील तर 'रिझॉल्व्हसीटीएल फ्लश-कॅशेस'.

फायरफॉक्समधला डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस (ब्राउझरने डीएनएसचे प्रश्न स्वतःच एन्क्रिप्ट करून पाठवणं) चालू असेल तर तो सिस्टमला वळसा घालून जातो. मग सेटिंग्जमध्ये काहीही टाका, ब्राउझरमधली टेस्ट वेगळंच सांगणार. आधी ते 'ऑफ' करा, मग टेस्ट घ्या.

आणखी एक. दुसऱ्या जागी ८.८.८.८ टाकायचा मोह आवरा. रिझॉल्व्हडी पहिल्याकडून उत्तर आलं नाही की दुसऱ्यावर जातो आणि मग तिथेच रमतो, आपणहून परत येत नाही. क्वाड-नाइन घातक डोमेन अडवतो म्हणून घेतला असेल, तर ती गाळणी तुमच्या नकळत निघून जाईल. दोन्ही पत्ते एकाच सेवेचे ठेवा.

पोर्ट_८५३:
एवढं करूनही प्रश्न डीएनएसच्या नेहमीच्या पोर्ट ५३ वरून उघडेच, म्हणजे एन्क्रिप्ट न होता जातात, सर्व्हर बदलला म्हणून ते लपत नाहीत. लपवायचे असतील तर रिझॉल्व्हडी डॉट कॉन्फमध्ये (वरच्या रिझॉल्व्ह डॉट कॉन्फहून वेगळी, रिझॉल्व्हडीची सेटिंग्ज फाइल) 'डीएनएस-ओव्हर-टीएलएस'ला, म्हणजे एन्क्रिप्टेड डीएनएसला, 'येस' द्या आणि सर्व्हर लिहिताना ९.९.९.९ पुढे हॅश करून डीएनएस डॉट क्वाड९ डॉट नेट हे नाव जोडा. प्रमाणपत्र त्याच नावाशी ताडलं जातं. 'डोमेन्स'समोर टिल्ड आणि टिंब लिहा, म्हणजे वाय-फाय कनेक्शनवर लावलेल्या सर्व्हरऐवजी हाच वापरला जाईल. शेवटी रिझॉल्व्हडी रीस्टार्ट.

'ऑपॉर्च्युनिस्टिक' पर्याय टीएलएस जमलं नाही तर मुकाट्याने उघड्यावर येतो आणि प्रमाणपत्रही तपासत नाही, म्हणून मला तो अर्धवट वाटतो. पण 'येस'ची किंमत आहे. लॉगिन पान दाखवणाऱ्या सार्वजनिक वाय-फायवर टीएलएसवाल्या डीएनएसचा पोर्ट ८५३ अडवलेला असला तर ते पानच उघडत नाही. मदरबोर्डची बॅटरी संपून घड्याळ मागे गेलं तर प्रमाणपत्र अवैध ठरतं. वेळ दुरुस्त करायला टाइम सर्व्हरचं नाव शोधावं लागतं, आणि नाव शोधणंच तर बंद पडलेलं असतं. तारीख हाताने घाला, गाडी रुळावर येते.

नवा_पेंग्विन:
आयपीव्ही६ चंच बटण राहिलं होतं. आता टेस्टमध्ये फक्त क्वाड-नाइन. पण घरातल्या नॅस डॉट लॅन या नावाने नॅस (नेटवर्कवरचा फाइल साठवणारा डबा) उघडेना, आयपीने उघडतो.

मूळसर्व्हर:
ते नाव फक्त राउटरच्या डीएनएसला ठाऊक होतं, क्वाड-नाइनला कुठून माहीत असणार. राउटरमध्ये नॅसचा आयपी कायमचा राखून ठेवा आणि ईटीसीमधल्या होस्ट्स फाइलमध्ये एक ओळ घाला: आधी आयपी, मग जागा सोडून नाव.