कुडाळ ते लंडन: आईच्या प्रवासाला खरे तास किती धरायचे?

पिंगुळीवाली
आई ७१ वर्षांची. जुलैत एकटीच भावाकडे लंडनला जातेय, विमानात पहिल्यांदाच बसणार. मुंबई-लंडन अंतर सगळीकडे ७,२०० किमीच्या आसपास दिसतं, पण वेळ कुठे ९ तास, कुठे १०. ती रोज विचारते, "थंय पोचाक किती येळ लागतलो गे?" आणि मला ठाम सांगता येत नाही. रात्रीच्या कोकणकन्येने मुंबईला उतरून त्याच दुपारचं विमान धरावं का? की गोव्याच्या मोपा विमानतळाहून जावं?

दर्यावर्दी
ताई, ७,२०० हे पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून मोजलेलं अंतर. घरात शाळेचा गोल असेल तर करून बघा, दोरा पाकिस्तान, इराण, कॅस्पियन समुद्र आणि युक्रेनवरून जातो. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून बंद, आणि पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना वाट बंद केली. म्हणजे वळसा आलाच. त्यात वरच्या थरातलं वारं पश्चिमेकडून पूर्वेला वाहतं, ते जाताना तोंडावर येतं. परतताना तेच पाठीशी, म्हणून येताना साधारण तासभर कमी लागतो.

तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात. जुलैत लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे. समजा दुपारी १ ला सुटून संध्याकाळी ६:३० ला पोचतं, तर साडेपाच अधिक साडेचार, झाले १० तास. आईंना दहाच सांगा.

माजघर
त्याच दिवशीचं विमान अजिबात नको. दोन वर्षांपूर्वी जुलैतच आम्ही रात्रीच्या गाडीने निघालो, वाटेत दरड आली आणि चार तास एका जागी उभे. बाबा खिडकीच्या गजाला धरून बाहेर बघत बसले होते आणि माझ्या हातात दुपारचं तिकीट. विमान गेलं, पैसेही गेले. पावसाळी वेळापत्रकात गाड्या आधीच सावकाश धावतात. आदल्या दिवशी पोचा, रात्र दादरला किंवा पार्ल्याला नातेवाइकांकडे काढा.

मोपाहून जायचं तर मोपा-मुंबई-लंडन एकाच तिकिटावर घ्या. पहिलं विमान लेट होऊन पुढचं चुकलं तर पुढची सोय कंपनीला करावी लागते. दोन वेगळी तिकिटं असतील तर नुकसान तुमचं.

पिंगुळीवाली
खूप आभार. आदल्या दिवशीच पोचतो, मामीकडे राहू. मुंबईच्या विमानतळावर तिला एवढं चालायला जमेल का?

माजघर
तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागा, शेवटच्या दिवसावर ठेवू नका. दोन्हीकडे माणूस सोबत येतो, पासपोर्टच्या रांगेतही. बीपीच्या गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी आणि भावाचा पत्ता-फोन हातातल्या पिशवीत. दर दोन तासांनी उठून चार पावलं चालायला सांगा. आणि मधली जागा नको, आतल्या वाटेलगतची घ्या. काकूंना उठायला संकोच वाटू नये.